‘त्याच पैशांत ५५ इंची येतो, मग ४३ कशाला?’ या संदेशाचा प्रतिवाद

सणासुदीच्या तोंडावर ठाण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक संदेश फिरायला लागतो. त्याचा सारांश असा: ‘३० हजारांत ५५ इंची फोर-के टीव्ही मिळतो. मग तेवढ्याच पैशांत नावाजलेल्या कंपनीचा ४३ इंची घेणं म्हणजे नुसते नावाचे पैसे मोजणं. पॅनल सगळ्यांचं एकाच कारखान्यातून येतं, वॉरंटीही सगळे एकच वर्षाची देतात. खोक्यावर फोर-के, एचडीआर, क्यूएलईडी लिहिलंय ना ते बघा, छापील किमतीवर निम्मी सूट घ्या, सोबत स्टॅबिलायझर घ्या, झालं.’

ज्या घरात टीव्ही आठ-दहा वर्षांतून एकदा येतो, त्या घराचे हे ३० हजार आहेत. यातला एकेक मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणून तो पटतो, आणि म्हणूनच त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवं.

‘पॅनल सगळ्यांचं एकाच कारखान्यातलं.’ एकाच नाही, पण पॅनल, म्हणजे चित्र उमटवणारी काच, बनवणाऱ्या कंपन्या खरोखरच मोजक्या आहेत. बीओई, सीएसओटी, एचकेसी, एयूओ ही त्यांतली मोठी नावं, बहुतेक चीन आणि तैवानमधली. सॅमसंगने तर स्वतःची एलसीडी पॅनल बनवणं २०२२ मध्ये थांबवलं. इथवर संदेश बरोबर आहे. पण एलसीडी पॅनल स्वतः उजेड देत नाही. उजेड येतो त्याच्यामागच्या एलईडी पट्ट्यांमधून. किंमत खाली आणायची असेल तर हात आखडता घेतला जातो तो इथे आणि पॉवर सप्लायच्या बोर्डात. पट्ट्यांवर एलईडी कमी बसवायचे आणि तेवढाच उजेड काढायला त्यांतून करंट जास्त सोडायचा. मग ते तापतात आणि लवकर जातात.

टीव्ही दुरुस्त करणाऱ्या कुणालाही विचारा, ‘आवाज येतोय, चित्र नाही’ ही त्याच्याकडे नेहमीची तक्रार असते. तो खोलीतले दिवे घालवतो, मोबाइलचा टॉर्च पडद्यावर तिरका धरतो, आणि काळ्या पडद्यात मालिकेतली माणसं पुसट हलताना दिसतात. म्हणजे पॅनल ठणठणीत आहे, बॅकलाइट, म्हणजे मागचा उजेड, गेलाय. पट्ट्या बदलायला अख्खी काच उतरवावी लागते. ५५ इंची काच जवळजवळ चार फूट लांब आणि खूप पातळ असते. उतरवताना तडकली की टीव्ही भंगारातच. ‘पॅनल एकच आहे’ हे वाक्य असा टीव्ही बंद पडलेल्या घरातल्या माणसाच्या काही कामाचं नाही.

म्हणून ‘वॉरंटी सगळे एकच वर्षाची देतात’ हाही मुद्दा फसवा आहे. वर्ष सारखं असेल, पण कासारवडवलीला किंवा लोकमान्य नगरला माणूस कोण पाठवतं, हे सारखं नसतं. विकत घेण्याआधी त्या कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करा, आपला पिनकोड सांगा आणि दोनच गोष्टी विचारा: ठाण्यात तुमचं सर्व्हिस सेंटर आहे का, आणि या मॉडेलच्या पट्ट्या आणि बोर्ड वॉरंटी संपल्यावरही मिळतात का? धड उत्तर आलं नाही, तर तो टीव्ही कितीही इंचांचा असो, घेऊ नका. बिलावर मॉडेल आणि सिरीयल नंबर लिहून घ्या. कंपनीने दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्कही लागत नाही. हे पुष्कळांना माहीतच नसतं.

आता आकार. वर्तक नगरच्या म्हाडाच्या घरात किंवा घोडबंदर रोडच्या वन बीएचकेमध्ये सोफा आणि समोरची भिंत यांत साधारण आठ-नऊ फूट अंतर असतं. तेवढ्या अंतरावर ५५ इंच डोळ्यांना जड जात नाही, हे मी मान्य करतो. पण फोर-केत फुल एचडीच्या चौपट ठिपके असतात म्हणून ‘फोर-केमुळे चित्र चौपट स्पष्ट’ हा जो हिशेब सांगितला जातो, तो तिथे बसत नाही. ४३ इंची फुल एचडी पडद्यावरचा एक ठिपका जेमतेम अर्धा मिलिमीटर असतो. निरोगी डोळ्याला तो साडेपाच-सहा फुटांपलीकडे सुटा दिसत नाही. ५५ इंचीचं तेच अंतर सात-सव्वासात फूट. सोफ्यावर बसलेल्याला जास्तीचे ठिपके दिसणारच नाहीत. ४३ इंचीत आज बहुतेक मॉडेल फोर-केच मिळतात, त्यामुळे ते टाळायचं कारण नाही. फक्त त्या शब्दासाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत.

शिवाय बघणार काय? संध्याकाळी सातनंतर घराघरांत मराठी मालिका आणि बातम्या लागतात, त्याही बऱ्याच ठिकाणी साध्या एसडी चॅनलवर. ते चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं. तेच ५५ इंचांवर ताणलं की चेहरे मेणाचे दिसायला लागतात, आणि स्वस्त प्रोसेसर ते सावरू शकत नाही. ४३ इंचांवर तेच चॅनल बघवतं. नेटफ्लिक्सवर फोर-के हवं तर सगळ्यात महागडा प्लॅन आणि १५ एमबीपीएसचा वेग लागतो. ज्या घरात हे दोन्ही आहे त्यांनी मोठा पडदा जरूर घ्यावा, पण चांगल्या कंपनीचा, बजेट वाढवून. ३० हजारांत मात्र मी ४३ इंचीच घ्यायला सांगेन.

खोक्यावरचे शब्द. एचडीआर म्हणजे उजळ आणि गडद भागांतला फरक जास्त ठळक दाखवणारं चित्र. खोक्यावर ते लिहिलंय म्हणजे टीव्ही तो सिग्नल ओळखतो, एवढंच. त्याचा झगझगाट दिसायला निदान पाच-सहाशे निट्स (पडद्याचा उजेड मोजायचं एकक) उजेड लागतो. स्वस्त पडदे अडीचशे-तीनशेवर थांबतात. क्यूएलईडीत बॅकलाइटपुढे क्वांटम डॉट या अतिसूक्ष्म कणांचा थर असतो, त्याने रंग खुलतात. काळा रंग अधिक काळा होत नाही. ‘अँड्रॉइड’ हा शब्द सगळ्यात घातक. गुगलचं प्रमाणपत्र नसलेल्या टीव्हीवरही तो छापलेला असतो, आणि घरी आणल्यावर कळतं की नेटफ्लिक्स चालत नाही किंवा एचडी येत नाही. ‘गुगल टीव्ही’ किंवा ‘अँड्रॉइड टीव्ही’ असं अधिकृत चिन्ह बघा, रॅम निदान दीड-दोन जीबी हवी. मागच्या लेबलवर ‘आर’ने सुरू होणारा बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) नोंदणी क्रमांक असतो, तो ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तिथल्या तिथे तपासता येतो.

गोखले रोडच्या दुकानात उभे असाल तर डेमोचा तो फुलपाखरांचा व्हिडिओ बंद करायला सांगा. पिक्चर मोड ‘विविड’वरून ‘स्टँडर्ड’वर आणा, एखादं साधं मराठी चॅनल लावायला सांगा, आणि मग बाजूला सरकून बघा. हॉलमध्ये दिवाण आडवा असेल तर घरातलं कुणीतरी रोज तिथूनच बघणार असतं. पॅनलचे आयपीएस आणि व्हीए असे दोन प्रकार असतात; आयपीएसचे रंग बाजूनेही टिकतात, व्हीएचे फिके पडतात. दिवे घालवून समोरून सिनेमा बघणाऱ्यांना मात्र व्हीएचा गडद काळा आवडेल. विक्रेता चॅनल लावायला नाही म्हणाला तर दुसरं दुकान गाठा, तिथे दुकानांना तोटा नाही.

‘छापील किमतीवर निम्मी सूट.’ छापील किंमत ही कमाल मर्यादा; तिच्याशी तुलना करून काहीच कळत नाही. तुलना करायची ती गेल्या महिनाभरातल्या विक्रीच्या दराशी. आणखी एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. करापूर्वीची किंमत तीच धरली तर ३० हजारांचा टीव्ही तेवढ्यानेच २७,६५० च्या आसपास येतो. त्याआधीच्या दराशी तुलना करून कुणी ही घट दिवाळीची सवलत म्हणून सांगत असेल, तर ती त्याने दिलेली नाही.

आणि स्टॅबिलायझर. बहुतेक टीव्हींच्या मागच्या लेबलवर १०० ते २४० व्होल्ट असं काहीसं लिहिलेलं असतं. म्हणजे चढउतार सोसायची सोय आतच आहे. ते लेबल वाचा आणि मगच ठरवा. खरा धोका विजेच्या अचानक धक्क्याचा, आणि तो केबलच्या वायरमधूनही येतो. असा धक्का अडवणारा चांगला सर्ज प्रोटेक्टर घ्या, आणि मे महिन्याच्या अखेरीस वळवाचा पाऊस गडगडायला लागला की प्लगबरोबर केबलची पिनही काढून ठेवा.