गुरुजी, आधी शिकवायची सवय सोडा

गुरुजी, मॅडम, हल्ली सकाळी शाळेत जायचं म्हटलं की जिवावर येतं ना, संध्याकाळी घरी आल्यावर स्वतःच्या पोरांशी पण बोलू वाटत नाही, तर त्याला बर्नआउट म्हणतात आणि चूक सगळी तुमचीच आहे. तुम्ही अजून मधूनमधून शिकवता.

आपल्या साताऱ्यातलीच, पाटण नाहीतर जावळीच्या डोंगरातली द्विशिक्षकी शाळा घ्या. एक गुरुजी ट्रेनिंगला, दुसऱ्याच्या गळ्यात चारही वर्ग. दुसरीतली पोरगी बोट ठेवून, अडखळत, एकदाचं ‘रस्ता’ वाचते, तुम्ही खूश होऊन तिच्याकडं बघताय आणि तेवढ्यात ग्रुपवर पडतं, "अति तात्काळ. दुपारी २ पर्यंत लिंक भरावी. निरंक असल्यास निरंक कळवावे." आता मूड गेला म्हणता, पण पोरीकडं बघायला सांगितलं होतं कुणी? मोबाईलकडंच बघत बसला असता तर गेला असता का?

तेव्हा दिवसाची सुरुवात पोषण आहाराच्या तांदळानं करा. पाचवीपर्यंत डोक्याला १०० ग्रॅम, सहावीपासून १५०, रोज गुणाकार पक्का होतो, पोरांचा नाही झाला तरी तुमचा. मग जेवलेल्यांचा आकडा ॲपवर टाका, रेंज नसेल तर शाळेमागच्या टेकाडावर चढा, जिमचे पैसे वाचले. मतदार यादीचं काम हसत घ्या, घरोघरी चहा मिळतो (साखर जास्त असते, पण चालायचंच). कुणी शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम २७ नाचवत आला, अशैक्षणिक कामं देता येत नाहीत म्हणाला, तर त्याला पुढचं पण वाचायला लावा, जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून असं लिहिलंय. आणि आपल्याकडं निवडणूक कधी संपलेली बघितलीय का?

शिक्षणसेवक असाल तर थकायचं नावच काढू नका. नोकरीची पहिली तीन वर्षं पगाराऐवजी महिन्याचं मानधन, ते पण २०२३ मध्ये ६,००० चं १६,००० केलंय, आता काय जीव घेता काय सरकारचा.

एवढं करून पण उत्साह येत नसेल तर शिक्षण परिषदेला मोटिव्हेशनल स्पीकर येतो, त्याचं ऐका. कोट घातलेला असतो, डोळे मिटून ‘मी ऊर्जावान आहे’ म्हणायला लावतो, पोरांपुढं खडू धरून कधी उभा राहिलाय का असलं काही विचारायचं नसतं. शाळेला शिपाई नाही, घंटा कोण देणार, हे पण विचारू नका, तो म्हणेल आतला आवाज ऐका. गप टाळ्या वाजवा आणि वाजवतानाचा जिओटॅग फोटो ५ च्या आत टाका. चेहरा हसरा पाहिजे बरं का, मागच्या वेळी तुमच्या केंद्रातल्या शाळांचे फोटो परत आले होते.