खाट वाचली कुठे?
‘खाटा अपुऱ्या आहेत, म्हणून रुग्णाला लवकर घरी पाठवावं’ हे लेखातलं म्हणणं मला अजिबात पटलं नाही. माझा धाकटा भाऊ राजापूरजवळ आंबे काढताना झाडावरून पडला, कमरेखालची संवेदना गेली. मणक्याचं ऑपरेशन झालं आणि आठवड्याभरात डिस्चार्ज. दर दोन तासांनी कूस बदलायची, लघवीची नळी कशी सांभाळायची, हे आईला कुणी शिकवलंच नाही. महिन्याभरात माकडहाडाजवळ बेडसोर (सतत एकाच स्थितीत पडून राहिल्याने होणारी जखम) झाला आणि तो भरेपर्यंत पुन्हा ५ आठवडे दवाखान्यात. मग खाट वाचली कुठे?

मुंबईत हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे, पण अशा माणसाला घेऊन तिथवर जायचं म्हणजे रात्रभराचा प्रवास. माडा-पोफळींवर चढणारी माणसं इथे कोकणात आहेत, तर खाटा आणि पूर्णवेळ फिजिओथेरपिस्टचा पगार यांसाठी निधीही इथेच द्या.