जुना डॅशबोर्ड बंद होतोय? अजिबात घाई करू नका

मॉनिटरिंगचं, म्हणजे डेटाबेसवर नजर ठेवायचं, टूल बदलायचं म्हटलं की लोक उगाच कपाळाला आठ्या घालतात. अहो, डेटाबेस आहे तिथेच राहणार, फक्त त्याच्याकडे बघायची जागा बदलणार. आमच्या ऑफिसात हे कार्य नुकतंच इतक्या थाटात पार पडलं की त्यातलं ज्ञान एकट्याने पोटात ठेवणं बरं दिसणार नाही. तेव्हा ऑन-कॉलवर असणाऱ्या, म्हणजे बिघाड झाला की रात्रीबेरात्री फोन घेणाऱ्या, समस्त बंधुभगिनींनो, घ्या लिहून.

सर्वात आधी, टूल बंद होण्याच्या नोटिशीची मेल वाचू नका. तशी ती तुम्हाला यायचीही नाही, कारण ती ज्या पत्त्यावर जाते तो अकाउंट उघडणाऱ्या माणसाचा, आणि तो माणूस केव्हाच नोकरी सोडून गेलेला. चुकून कळलंच, तरी घाबरू नका. ॲमेझॉनच्या आरडीएस या डेटाबेस सेवेतला परफॉर्मन्स इनसाइट्स हा डॅशबोर्ड बंद व्हायची तारीख आधी 30 नोव्हेंबर 2025 होती, मग ती 2026 च्या मध्यावर गेली. तारीख पुढे गेली की आपल्या कामाचं तिकीटही पुढच्या स्प्रिंटमध्ये, म्हणजे कामाच्या पुढच्या फेरीत, ढकलायचं. मुदतवाढ त्यासाठीच असते. शिवाय काहीच केलं नाही तर काहीच मोडत नाही, ही केवढी सोय! डेटाबेस गुपचूप नव्या डेटाबेस इनसाइट्सच्या स्टँडर्ड मोडवर जातो. ना लाल दिवा, ना बोंबाबोंब.

कोण कोणता डॅशबोर्ड बघतं याची यादी करू नका. बंद झाल्यावर ओरडतीलच.

जुनं आणि नवं टूल काही दिवस शेजारी शेजारी चालवून आकडे जुळतात का बघणं हे रिकामटेकड्यांचं काम.

सेटिंग टेराफॉर्ममध्ये, म्हणजे सेटिंग फाइलमध्ये लिहून ठेवायच्या साधनात, लिहीत बसू नका, ॲमेझॉनच्या कन्सोलवर (वेबपानावर) जाऊन टिचकी मारा. तिथे एक गंमतही आहे. नव्या टूलचा ॲडव्हान्स्ड मोड हवा असेल तर जुन्याच टूलच्या नावाची सेटिंग चालू ठेवून तिची डेटा जपायची मुदत 465 दिवस करावी लागते. टेराफॉर्मच्या फाइलमध्ये जुने 7 दिवस तसेच राहू द्या. पुढच्या वेळी कुणीतरी ती फाइल लागू करायला अप्लाय मारेल, तुमची टिचकी मागे जाईल, आणि ‘हे कुणी बदललं’ या विषयावर एक छान मीटिंग होईल.

त्याच शनिवारी पोस्टग्रेस या डेटाबेसचं व्हर्जनही वाढवून घ्या, म्हणजे एकाच दगडात दोन पक्षी. 12 वरून 13 किंवा त्याच्या पुढे गेलात की पीजी-स्टॅट-स्टेटमेंट्स या, क्वेरींची (डेटाबेसला दिलेल्या आज्ञांची) आकडेवारी ठेवणाऱ्या तक्त्यातल्या ‘टोटल टाइम’ कॉलमचा ‘टोटल एक्झेक टाइम’ होतो आणि डॅशबोर्डवर हाताने बांधलेले सगळे पॅनेल कोरे पडतात. टूलमुळे की अपग्रेडमुळे, हे सोमवारी शांतपणे शोधता येतं.

परवानग्यांचं नंतर बघू. रात्री दोनला ‘ॲक्सेस डिनाइड’ वाचून झोप छान उडते.

अलार्मचं मात्र मनावर घ्या, म्हणजे काही करू नका. ज्या मेट्रिकवर, म्हणजे मोजलेल्या आकड्यावर, अलार्म लावला होता ते येणंच बंद झालं, की अलार्म लाल होत नाही. तो ‘इनसफिशियंट डेटा’ म्हणून करडा होऊन बसतो, आणि करड्या रंगासाठी फोन वाजवा असं कुणीच कधी लिहून ठेवलेलं नसतं. डेटा आला नाही तर काय समजायचं, याचा पर्याय प्रत्येक अलार्ममध्ये असतो. त्याला हात लावू नका. इशाऱ्यांचं चॅनल शांत होतं. आमच्याकडे त्या शांततेबद्दल टीमला अभिनंदनाची मेल आली.

आता इतिहास. जुना डेटा हवाय कुणाला? स्टँडर्ड मोडमध्ये 7 दिवस मिळतात, तेही फुकट. ॲडव्हान्स्डमध्ये 15 महिने मिळतात, पण दर व्हीसीपीयूमागे (आभासी प्रोसेसरमागे) तासाला पैसे पडतात. फायनान्सने एकच प्रश्न विचारायचा, “हे नसेल तर ॲप बंद पडेल का?” आणि आपण प्रामाणिकपणे “नाही” म्हणायचं. विषय संपला.

मग महिनाअखेर येते. बिलं काढणारा बॅच प्रोग्राम रांगतो, अर्धं ऑफिस कॉलवर, आणि पहिला प्रश्न येतो, “मागच्या महिनाअखेरीला किती लोड होता?” सात दिवसांत महिनाअखेर एकदाच येते, तीही आत्ताची! कुणीतरी हुशार म्हणतो, क्लाउडवॉचमध्ये, ॲमेझॉनच्या आकडे साठवणाऱ्या सेवेत, असेल की. आहे ना. तिथे मिनिटामिनिटाचा डेटा 15 दिवस राहतो, पाच मिनिटांचा 63 दिवस, आणि त्यानंतर तासाचा 455 दिवस. म्हणजे मागच्या महिन्याचा पाच-पाच मिनिटांचा सीपीयू मिळाला. तेव्हाही निवांत, आत्ताही निवांत. निवांतच असणार! सेशन्स (डेटाबेसशी उघडलेल्या जोडण्या) एकमेकांच्या लॉकवर, म्हणजे दुसऱ्याने अडवून ठेवलेल्या नोंदींसाठी, ताटकळत उभी असली की सीपीयूला कामच काय? कोण कशासाठी थांबलंय, सीपीयूसाठी, डिस्कसाठी की ट्रान्झॅक्शनच्या लॉकसाठी, आणि त्यामागे कुठली क्वेरी आहे, हे सेकंदासेकंदाला टिपून रंगीत पट्ट्यांत दाखवणारी गोष्ट तीच, जिचा जुना इतिहास आपण जाऊ दिला. ॲडव्हान्स्ड मोड आज चालू केला तरी पुसलेलं परत येत नाही. मग तोडगा काय निघतो? इन्स्टन्स, म्हणजे डेटाबेसचा सर्व्हर, मोठा करा! ज्या फायनान्सला त्या मोडचे चिल्लर पैसे जड झाले होते, त्यांनी मध्यरात्री दुप्पट आकाराच्या इन्स्टन्सला फोनवरच होकार दिला. तो अजून चालू आहे. लॉकही अजून तिथेच आहे, कारण मोठ्या इन्स्टन्सवर लोक जास्त आरामात लॉक धरून बसतात.

आणि आता त्या बिघाडाचा आरसीए, म्हणजे मूळ कारणाचा अहवाल, आम्ही लिहायचा. कशाच्या जोरावर लिहायचा? पुरावा तुम्ही पुसलात!

जाऊ दे, उपरोध पुरे. ही कामं अवघड नाहीत हो. जुन्या टूलवर कोणते अलार्म आणि पॅनेल टांगलेत त्याची यादी, नव्या जागेच्या परवानग्या, एक मुद्दाम वाजवून बघितलेला अलार्म, आणि एक महिनाअखेर दोन्ही टूल शेजारी शेजारी. पैसे नाहीत? जुन्या टूलचा कन्सोल जातोय, एपीआय, म्हणजे प्रोग्रामने डेटा मागायची वाट, राहतोय. रोज रात्री डीबी लोड (डेटाबेसवरचा भार) आणि सर्वात जास्त भार टाकणाऱ्या क्वेरी काढून एस-थ्री या ॲमेझॉनच्या फाइल-साठवणीत टाकणारी स्क्रिप्ट एका दुपारचं काम आहे. पण ती दुपार कुणी देत नाही, कारण मॉनिटरिंगचा स्क्रीनशॉट क्लायंटला दाखवता येत नाही.

सगळ्या डेटाबेसना ॲडव्हान्स्ड मोड लावा असं कुणी म्हणत नाही. टेस्टचे, डेमोचे खुशाल सोडा. पण ज्याच्यावर लोकांचे पगार आणि बिलं निघतात, त्याचा सात दिवसांपलीकडचा इतिहास स्वतःच्या सहीने टाकून द्यायचा, आणि वर रात्री एक वाजता कॉलवर डीबीएला, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्याला, सगळ्यांसमोर विचारायचं, “तुला कसं माहीत नाही?” ही निव्वळ बेशरमी आहे.