‘सगळं ई-बर्डवर आहेच’: गोव्यात फिरणाऱ्या एका मेसेजला उत्तर

जानेवारीतली पाणपक्षी गणना जवळ आली की गोव्यातल्या पक्षीनिरीक्षकांच्या ग्रुपवर ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळाबद्दल थोड्याफार फरकाने हा मजकूर येतो: “सगळं ई-बर्डवर आहेच, संस्थांनी एकमेकांना वेगळी माहिती देत बसू नये. जागा सांगितली की शिकारी पोचतात, आकडे दिले की श्रेय जातं. आणि प्रत्येकाचं एक्सेल वेगळं, ते काही जुळत नाही.” यातली एकच गोष्ट अर्धीमुर्धी खरी आहे.

“सगळं ई-बर्डवर आहेच.”

तिथे यादी असते. कोणी, कुठे, किती वेळ, किती चालून, काय पाहिलं एवढं कळतं. पाणी कधी सोडलं हे कळत नाही. कुडचड्याचं नंदा तळं 2022 मध्ये गोव्याचं पहिलं रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालं. तिथे अडवलेलं पाणी खालच्या भातशेतीला वापरतात. पाणी उतरल्यावर अडई (शिट्टी घालणारी बदकं) कमी दिसल्या, तर त्या घटल्या की दुसऱ्या तळ्यावर गेल्या? याचं उत्तर दुसऱ्या तळ्यावर त्याच आठवड्यात मोजणाऱ्यांकडे आणि पाणी सोडल्याची तारीख माहीत असलेल्या शेतकऱ्याकडे असतं. विजेच्या तारेला लागून मेलेला पक्षी, सोडवलेलं घुबड, अभ्यासकांनी पायात घातलेल्या कडीवरचा अर्धाच वाचता आलेला क्रमांक, हेही यादीत नीट बसत नाही. शेऱ्यात टाकलं तर कोणाला सापडत नाही.

दुसरी अडचण मोजण्याची. घाईत आकड्याऐवजी ‘एक्स’ टाकला की पक्षी होता एवढंच उरतं. रामसरच्या सहाव्या निकषाला एखाद्या प्रजातीच्या वा उपप्रजातीच्या एकूण संख्येच्या 1 टक्का पक्षी तिथे नियमित येतात हे दाखवावं लागतं; तिथे ‘एक्स’ निरुपयोगी. उलटी चूक बेरजेत होते. करमळीच्या तळ्यावर एक गट बांधावरून आणि दुसरा रेल्वेच्या बाजूने मोजतो, मधेच घार येते, अडईंचा थवा उठून पलीकडे बसतो आणि दोन्ही फॉर्मात तोच थवा. दोघांनी एकाच वेळी सुरुवात करावी, आपापला भाग आधी ठरवावा आणि उडालेल्या थव्याची वेळ व दिशा लिहावी. मग बेरीज करणाऱ्याला तो एकदाच धरता येतो.

“जागा सांगितली की शिकारी पोचतात.”

हे अर्धं खरं. पण गोव्याच्या सीमेपलीकडे वेंगुर्ला रॉक्स या समुद्रातल्या खडकाळ बेटांवर पाकोळ्यांची खाण्यासाठी विकली जाणारी घरटी चोरीला जात होती, तेव्हा भारतात ई-बर्ड रुजलंही नव्हतं. चोरणाऱ्यांना जागा ठाऊकच होती, ठाऊक नव्हती ती राखणाऱ्यांना.

ई-बर्ड संवेदनशील प्रजातींच्या नोंदी साधारण 20 बाय 20 किलोमीटरच्या चौकोनातच दाखवतं. 3,702 चौरस किलोमीटरच्या गोव्यात असे नऊ-दहा चौकोन मावतील, म्हणजे पुरेसं धूसर. मात्र प्रत्येक जपण्याजोगा पक्षी त्या संवेदनशील प्रजातींत नसतो. म्हणून माहिती तीन थरांत वाटावी. सर्वांसाठी तालुका आणि महिना. संस्थांमध्ये दशांशानंतर दोन अंकांपर्यंतचे अक्षांश-रेखांश, म्हणजे सुमारे एक किलोमीटरचा अंदाज. नेमकं घरटं मात्र फक्त परिक्षेत्र वन अधिकारी आणि प्रत्येक संस्थेची एक ठरलेली व्यक्ती यांनाच. वन खात्याला सांगायचं कारण सरळ आहे. 1984 च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार झाड तोडायला परवानगी लागते, पण कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) कडेच्या झाडाच्या ढोलीत धनेशाची मादी स्वतःला लिंपून बसली आहे हे परवानगी देणाऱ्याला कोणी कळवलेलंच नसतं.

खरी गळती होते ती फोटोतून. मोबाइलच्या कॅमेऱ्याला लोकेशनची परवानगी असेल तर फोटोतच जागा नोंदली जाते. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला की ती निघून जाते, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला की तशीच जाते. बेडूकतोंड्या या निशाचर पक्ष्याच्या जोडीचा उत्तम फोटो ‘क्वालिटी जाऊ नये’ म्हणून डॉक्युमेंट करून पाठवायचा आणि मग ई-बर्डला दोष द्यायचा, हे बरं नव्हे.

“एक्सेल जुळत नाही.”

जुळत नाही कारण रकाने आधी ठरवलेले नसतात. तारीख, सुरुवातीची वेळ, मिनिटं, अंतर, अक्षांश, रेखांश, शास्त्रीय नाव, संख्या, निरीक्षक, आणि ही ओळ कोणाला दाखवायची. दहा रकाने पुरतात.

तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहावी, नाहीतर महिना आधी धरणारा संगणक 3 जानेवारीची गणना 1 मार्चला नेऊन ठेवतो. अक्षांश-रेखांशांचा घोळ याहून मोठा. चोडणचं सलीम अली अभयारण्य 15 अंश 30 मिनिटं, 73 अंश 51 मिनिटांच्या आसपास आहे. अनेक जण ते 15.30, 73.51 लिहितात आणि खारफुटीतले बगळे थेट अरबी समुद्रात जातात. मिनिटांना 60 ने भागायचं: 15.50, 73.85.

नावांबरोबर ई-बर्डच्या वर्गीकरणाचं वर्षही लिहावं. 2023 मध्ये लेसर सँड प्लोव्हर या किनाऱ्यावरच्या पक्ष्याचे सायबेरियन आणि तिबेटन असे दोन भाग झाले. मोरजीच्या किनाऱ्यावरच्या जुन्या-नव्या याद्या तशाच जोडल्या तर एक पक्षी अचानक नाहीसा झाल्यासारखा दिसतो.

“श्रेय जातं.”

निरीक्षकाचा रकाना पुसू नये, आणि माहिती कशासाठी, किती काळ, कोणाचं नाव कुठे येणार हे देण्याआधी अर्ध्या पानावर लिहून घ्यावं. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा 2023 चा अहवाल 13 संस्थांनी मिळून काढला, आणि त्या तेराही संस्थांची नावं त्यावर आहेत.