जत्रेतलं नाटक फुकट नसतं

एक मेसेज सध्या प्रत्येक ग्रुपवर फिरतोय, मला तर तीन ठिकाणांहून आला. म्हणणं असं की सात-आठ तास चालणाऱ्या नाटकाला 900 रुपये तिकीट लावणं म्हणजे शुद्ध लूट, आमच्या गोव्यात रात्रभर नाटक फुकट बघायला मिळतं, तीन तासांचा सिनेमा 200 रुपयांत होतो, आणि मुळात नाटक एवढं लांबवतात ते तिकीट वाढवायलाच.

आधी तो फुकटचा मुद्दा, कारण तिथेच माझं डोकं फिरलं. फोंड्याकडच्या आमच्या गावात जत्रेच्या नाटकाचा हिशेब मी चार वर्षं लिहिलाय. पडद्यांचं भाडं, रंगभूषा, ऑर्गन-तबला, लाऊडस्पीकर, नायिकेच्या कामाला बाहेरून आणलेली बाई आणि तिची जायची-यायची गाडी, तालमींचा चहा, आणि पानाच्या तळाला "टाचण्या, सुतळी - 85". जमेच्या बाजूला वर्गणीदारांची नावं, आणि तरी कमी पडलं की "कलाकार, प्रत्येकी" असं लिहून एक आकडा. म्हणजे आमचा राजा ज्या मुकुटात मिरवत होता त्याचं भाडं त्यानेच भरलेलं! तुम्ही देवळासमोर चटई टाकून खाजें खात पहाटेपर्यंत बघितलंत, बिल दुसऱ्याने दिलं. दशावतारी काला, म्हणजे देवळापुढे रात्रभर चालणारं लोकनाट्य, त्याचंही तेच, मंडळी कोणीतरी पैसे देऊनच आणलेली असतात.

सिनेमाशी तुलना तर करूच नका. तो एकदा तयार झाला की दिवसाला पाच खेळ लावा, हिरो घरी झोपलेला असतो. नाटकाला हॉल सकाळ, दुपार, रात्र अशा हिशेबाने घ्यावा लागतो, आठ तासांचं नाटक त्यातले दोन तरी खातं आणि खुर्च्या मात्र तेवढ्याच, म्हणजे ज्या रविवारी दोन प्रयोगांचा गल्ला आला असता तिथे एकच येतो, शिवाय मुंबईहून बस, सेटचा टेम्पो, सगळ्यांची दोन जेवणं आणि दुसऱ्या दिवशी बसलेले आवाज. हा बुडालेला प्रयोग कोणी मोजतच नाही, सगळे तास मोजतात. बरं तासच मोजायचे तर 400 चं तीन तासांचं नाटक तासाला 133 ला पडतं आणि 900 चं आठ तासांचं 112 ला, करा भांडण.

आणि टॅक्स? नाटकाचं तिकीट 500 रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी नाही, त्याच्या वर गेलं की पूर्ण रकमेवर 18 टक्के. आयोजक जीएसटीत नोंदलेला असेल तर त्या 900 मधले साधारण 137 रुपये सरकारला जातात. दोन भागांची दोन वेगळी तिकिटं प्रत्येकी 400 ला लावली तर हा प्रश्नच येत नाही, हे काही आयोजकांना अजून कसं सुचत नाही कोण जाणे.

"लांबवतात" म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो की नाटककार महेश एलकुंचवारांची वाडा त्रिनाट्यधारा 'आविष्कार' या नाट्यसंस्थेने 1994 मध्ये सलग केली तेव्हा ती तीन वेगळी, पूर्ण नाटकं होती, एका नाटकात पाणी घातलेलं नव्हतं. इंग्रज दिग्दर्शक पीटर ब्रूकचं महाभारत 1985 मध्ये फ्रान्सला आव्हिन्योंजवळ दगडाच्या खाणीत रात्रभर चाललं, नऊ तास, लोक उजाडल्यावर उठले. आमच्या काल्याच्या प्रेक्षकाला त्यात काय नवल! आणि तिकिटावरची बोंब पण जुनीच आहे, 1981 ला न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर 'निकोलस निकल्बी' हे साडेआठ तासांचं नाटक आलं तेव्हा 100 डॉलर ऐकून लोक असेच खवळले होते.

मेसेजवाल्याचं एक मात्र पटतं. शेवटच्या रांगेलाही तोच दर, विद्यार्थ्यांना सवलत नाही, जेवणाची सुट्टी किती ते तिकिटावर नाही, हा माज आहे. मी एकदा अशाच नाटकाला गेलो तर दुसऱ्या मध्यंतरात कँटीन बंद, अख्खा हॉल बाहेर एका भेळवाल्यावर तुटून पडला, तो बिचारा कांदा कापून कापून रडायला आला.

पण आपल्याकडे खरा खर्च तिकीट नसतोच. माझा काणकोणचा, म्हणजे गोव्याच्या पार दक्षिण टोकाचा मित्र 900 ला एका शब्दाने कुरकुरला नाही, नाटक रात्री साडेदहाला सुटलं, शेवटची बस केव्हाच गेलेली, आणि पणजीहून घरी सोडायला गाडीवाल्याने 2500 सांगितले. तो माझ्याकडे फोंड्याला झोपला.