दगड उकळण्याची सोपी कृती

खाऱ्या पाण्याच्या माशांच्या टाकीवर, तिच्या दिव्यांवर आणि पाण्यातली घाण काढणाऱ्या स्किमरवर आपण लाखभर रुपये खर्च केले असतील, तर हातमोजे आणि चष्म्यापायी आणखी पाचशे रुपये घालवणे हा निव्वळ उधळेपणा ठरेल. काटकसर कुठेतरी करावीच लागते आणि ती स्वतःच्या डोळ्यांवर केली, तर टाकीच्या शोभेत काही उणे येत नाही.

टाकीतल्या दगडावर शर्टाच्या बटणांसारख्या गोल, कडेला झालर असलेल्या रंगीत चकत्या दाटीने वाढलेल्या दिसतील. हे कोरलचे (प्रवाळाचे) भाऊबंद असलेले प्राणी; शौकीन मंडळी त्यांना लाडाने झोआ आणि पॅली म्हणतात. त्यांतल्या काहींत पॅलिटॉक्सिन नावाचे विष असते आणि काहींत ते जवळजवळ नसते. वॉशिंग्टन परिसरातल्या दुकानांमधून असे नमुने विकत घेऊन तपासले, तेव्हाही असाच फरक आढळला आणि तो अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. नुसते पाहून विषारी कोणता हे सांगता येत नाही, म्हणून संशोधक सगळ्यांनाच विषारी समजून हाताळतात. आपण मात्र दुकानदाराला विचारावे. तो 'काही होत नाही' म्हणाला की प्रयोगशाळेचे काम संपले.

मित्राला फ्रॅग, म्हणजे वाढवण्यासाठी कापलेला तुकडा, द्यायचा असल्यास दगड टाकीबाहेर काढून डोळ्यांच्या पातळीवर धरावा आणि स्वयंपाकघरातल्या सुरीने चकत्या कापाव्यात. दाब पडताच हा प्राणी पिचकारी मारतो. ती नेमकी कुठे जाते हे चष्म्याआडून नीट दिसत नाही, हा चष्म्याचा मोठाच दोष आहे. बोटावर आधीची चीर असेल तर फारच उत्तम, कारण विषाला आत शिरायला वाट शोधावी लागत नाही. त्यानंतर सुरी विसळून कांदा चिरायला घ्यावी.

परंतु आपल्या खऱ्या कर्तृत्वाला वाव मिळतो तो पॅली नकोशी झाल्यावर. एकदा रुजलेली पॅली बेशरमीच्या झुडपासारखी फोफावते आणि महागड्या कोरलच्या अंगावर चढते, तेव्हा दगड 'साफ' करण्याची वेळ येते. याबाबतीत आपली परंपरा थोर आहे: दूध उकळावे, पावसाळ्यात पाणी उकळावे, तान्ह्याची बाटली उकळावी, आणि जे उकळले ते शुद्ध झाले असे मानून निश्चिंत व्हावे. तेव्हा मोठे पातेले घ्यावे, दगड त्यात बुडवावा, खिडक्या बंद कराव्यात (वासाची तक्रार शेजाऱ्यांनी का करावी?) आणि गॅस मोठा करावा. उकळण्याने जंतू मरतात. पॅलिटॉक्सिन जंतू नसल्यामुळे ते हा पाहुणचार सहज सोसते आणि वाफेबरोबर उडणाऱ्या बारीक तुषारांवर बसून घरभर फिरते. पातेल्याजवळ उभे राहणाऱ्याला तर ते मिळतेच, शिवाय आतल्या खोलीत अभ्यास करणारे मूल, आजी आणि कुत्रा यांनाही समान वाटा मिळतो. घरातल्या वाटणीत एवढा न्याय क्वचितच दिसतो. उकळणे जमत नसेल, तर सुकलेला दगड ताठ ब्रशने घासून भुकटी उडवावी किंवा त्यावर गरम पाण्याचा झोत सोडावा. तेवढ्यानेही भागते.

इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशर परगण्यात, स्टीव्हन्टन या गावी, २०१८ साली एका गृहस्थांनी टाकीतला दगड बाहेर काढून साफ केला. घरची मंडळी आणि मदतीला धावलेले अग्निशमन दलाचे जवान असे मिळून दहा जण रुग्णालयात पोहोचले. साधी टाकीची साफसफाई, पण तिला केवढे सार्वजनिक स्वरूप आले!

हवाईतल्या माउई बेटावरचे लोक या विषाला फार पूर्वीपासून ओळखत होते. हाना भागातल्या एका खडकाळ डबक्यात वाढणारे हे 'मारक शेवाळ' भाल्याच्या टोकाला लावीत आणि त्या डबक्याला हात लावणे निषिद्ध मानीत, अशी आख्यायिका आहे. शेवाळ म्हणून ओळखले जाणारे ते प्रत्यक्षात पॅलीच होते. मूर आणि श्यूअर या शास्त्रज्ञांनी १९७१ साली त्यातून वेगळे काढलेले विष आपल्या पेशींच्या आवरणातल्या सोडियम-पोटॅशियमच्या पंपाला धरते आणि त्याचे सताड उघडे दार करून टाकते. मग स्नायूंची आणि हृदयाची शिस्त बिघडते. यावर उतारा नाही. डॉक्टर लक्षणांवर उपचार करीत राहतात. भालेवाल्यांनी डबक्यापासून अंतर राखले. आपण ते डबके दिवाणखान्यात आणले, वर निळे दिवे लावले आणि पाहुण्यांना 'हात लावून बघा, किती मऊ आहे' असा आग्रह केला.

काही भित्रे लोक दगड ब्लीचच्या पातळ द्रावणात बुडवून ठेवतात, कारण त्याने हे विष निकामी होते. ते हातमोजे घालतात, चेहरा झाकतात, खिडक्या उघडतात, मुलांना आणि कुत्र्याला दूर ठेवतात, वापरलेली सुरी आणि बादलीही त्याच द्रावणाने धुतात, आणि टाकीतले काम पाण्याखालीच उरकतात. अशा माणसांकडे सांगण्यासारखी एकही गोष्ट साठत नाही.

संध्याकाळी तोंडात धातूसारखी चव आली, अंगात थंडी भरली, छाती जड झाली आणि खोकला सुरू झाला, तर व्हायरलची साथ आहे असे समजून पांघरूण घ्यावे. घरातली सगळी एकाच वेळी आजारी पडली, हे तर साथीचे लक्षणच. मध्यरात्री श्वास लागून दवाखान्यात जावेच लागले आणि डॉक्टरांनी दिवसभरात घरात काही वेगळे घडले का, काही पाळले आहे का, असे विचारलेच, तर क्षणभर आठवल्यासारखे करून शांतपणे सांगावे, 'नाही हो डॉक्टर, नुसते मासे आहेत.'