कंडेन्सर मोठा केला म्हणून हमिंग जात नाही, भिया!

इंदूरला महाराणी रोडवर अँप्लिफायरचं सामान घ्यायला गेलात की एक सल्ला फुकट मिळतो, आणि गणपतीच्या आधी तोच सगळीकडे फिरतो: 4700 मायक्रोफॅरडचे फिल्टर कंडेन्सर (सप्लायचा डीसी सपाट करणारे) काढा, 22000 चे टाका, हमिंग (स्पीकरमधली गुणगुण) जाईल, वॅट वाढतील, बास दणकेल, ट्रान्सफॉर्मर थंड राहील. यातलं एकही सांगतात तसं घडत नाही.

आधी हमिंग. लाइन 50 हर्ट्झची, ब्रिजनंतर (एसीचा डीसी करणारे चार डायोड) रिपल, म्हणजे डीसीवर उरलेली लाट, 100 हर्ट्झचं. 2 अँपिअर लोडला 4700 वर ते 4 व्होल्टच्या आसपास, 22000 वर 1 व्होल्टच्या आत. कमी होतं, कबूल. पण हमिंग कानाला खुपतं ते गाणं थांबल्यावर, आणि तेव्हा एलएम 3886 सारखी अँप्लिफायरची आयसी 50 मिलिअँपिअरच्या आसपास घेते. म्हणजे 4700 वरसुद्धा रिपल जेमतेम 0.1 व्होल्ट, आणि सप्लायवरचं रिपल ही आयसी 100 डेसिबलहून जास्त दाबते. उरलं काय? ग्राउंड. इनपुट शॉर्ट करून बघा: गुणगुण थांबली तर दोष बाहेरच्या वायरीत, नाही थांबली तर डब्याच्या आत. बहुतेक जण सेंटर टॅप (ट्रान्सफॉर्मरची मधली, शून्याची तार), स्पीकर, इनपुट सगळं चेसिसच्या एकाच नटाखाली आवळतात. सेंटर टॅप सरळ दोन कंडेन्सरच्या जोडावर आणा, म्हणजे चार्जिंगचे झटके तिथल्या तिथे फिरतील. ऑडिओचा ग्राउंड त्या जोडातून वेगळी तार काढून घ्या. खर्च वीतभर वायरीचा.

वॅट ट्रान्सफॉर्मरच्या व्होल्टेजवर ठरतात. 24-0-24 च्या ट्रान्सफॉर्मरला लोडवर रेल (कंडेन्सरवरचा डीसी) फार तर 33 व्होल्ट. रिपलचा तळ 28 वरून 31 वर गेला तरी आवाजात एक डेसिबलही फरक नाही.

बासची गोष्ट मात्र हवेतून आलेली नाही. टीडीए 2003 सारख्या सिंगल सप्लायच्या बोर्डात स्पीकरच्या वाटेवर एक कंडेन्सर असतो. 4 ओहमच्या स्पीकरला तो 1000 चा असेल तर 40 हर्ट्झलाच बास घसरू लागतो. 2200 केला की 18 पर्यंत उतरतो. तिथला अनुभव लोकांनी फिल्टरवर चिकटवला. ड्युअल सप्लायच्या (24-0-24 सारख्या, प्लस-मायनस दोन रेलच्या) बोर्डात तो कंडेन्सरच नसतो.

ट्रान्सफॉर्मर तर उलट जास्त तापतो, कारण मोठा कंडेन्सर तोच चार्ज कमी वेळात, मोठ्या झटक्यांनी ओढतो.

4700 चे 10000 करा, बिनधास्त. पण 50 किंवा 63 व्होल्टचे घ्या. 24-0-24 वर बिनलोडाची रेल 35 च्या वर जाते, तिथे 35 व्होल्टवाले फुगतात. प्रत्येकाच्या दोन टोकांमध्ये 2.2 किलोओहम, 2 वॅटचा रेझिस्टर लावा, बंद केल्यावर चार्ज उतरायला, आणि पहिल्यांदा चालू करताना लाइनमध्ये सिरीजला 100 वॅटचा साधा पिवळा बल्ब ठेवा. तो क्षणभर चमकून मंद झाला नाही, तर प्लग काढून वायरिंग पुन्हा बघा.